डिस्चार्ज बुकात श्रीलंका नाही

प्रश्न : राम राम साहेब. मी १९७९ साली भरती झालो आणि १७ वर्षं नोकरी करून १९९६ ला नाईक म्हणून पेन्शनवर आलो. ट्रेड ड्रायव्हर एमटी. १९८८ च्या मार्चमध्ये आमच्या युनिटातले आम्ही सहा ड्रायव्हर गाड्यांसकट एका पायदळ पलटणीला अटॅच केले आणि मद्रासहून जहाजानं श्रीलंकेला धाडले. आधी त्रिंकोमाली, मग वावुनियाकडे. चौदा महिने होतो. एकदा पुढच्या गाडीखाली सुरुंग फुटला, तेव्हापासून डाव्या कानानं कमी ऐकू येते, पण ते जाऊ द्या. परत आलो तं आमचं युनिट दुसरीकडे हललं होतं. माह्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या रकान्यात दोनच नोंदी आहेत, सैन्य सेवा पदक आणि नऊ वर्षांचं दीर्घ सेवा पदक. श्रीलंकेचं नावच नाही. यंदा २६ जानेवारीला ग्रामपंचायतीसमोर शाल-नारळ घेताना नातू सगळ्यांसमोर म्हणे, ‘‘आबा, श्रीलंकेत गेलेल्याइले मेडल भेटलं म्हणते, तुमच्यावालं कुठी हाय?’’ मी गप्प. एक जण ३,००० रुपयांत काम करून देतो म्हणतो. कोणी सांगते नागपुरात दुकानात मेडल विकत भेटते, तेच घेऊन लावा. काय करू? नोंद झाली तं पेन्शन वाढते का?
– एक माजी सैनिक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : राम राम नाईकसाहेब.

दुकानाचं आधी निपटवू. दुकानात पदक मिळतं, रिबनही मिळते, आणि ज्याचं पदक हरवलं त्याला ते उपयोगीही पडतं. पण खरं पदक हातात घ्या आणि कड उजेडाकडे करून फिरवा. तिथं बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. तुमच्या सैन्य सेवा पदकावर बोट फिरवून पाहा, नखाला लागेल. दुकानातल्या पदकाची कड कोरी असते. गावात कोणी कड पाहणार नाही हे खरं, पण तुम्हाला माहीत राहील. शिवाय ज्याची नोंद कागदावर नाही ते पदक छातीवर लावायचा हक्क अजून तुमच्याकडे नाही. ३,००० वाल्याला तर चहासुद्धा पाजू नका. या कामाचा खर्च टपालाचा आणि झेरॉक्सचा.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात ‘अटॅच’ हा एक शब्द आहे, तो वाचला आणि मला पुढचं सगळं दिसलं. मी स्वतः फौजेत क्लार्क होतो. पदक आपोआप येत नाही. ज्या युनिटनं मोहिमेत भाग घेतला ते आपल्या जवानांचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, करून दावा पाठवतं. मंजुरी आली की प्रत्येकाच्या नावानं पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा लेखी आदेश, निघते, आणि ती रेकॉर्ड ऑफिसला पोचली की तुमच्या शीट रोलमध्ये, म्हणजे तुमच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रात, नोंद चढते. डिस्चार्ज बुक शेवटी त्या शीट रोलवरून भरतात. अटॅच माणसाचं काय होतं? पलटण म्हणते, हे आपले नव्हेत, यांचं मूळ युनिट पाहील. मूळ युनिट म्हणतं, गेले होते त्यांच्याबरोबर, तेच पाठवतील. त्यात युनिट हललं. तुमच्यासारखे सहा जण दोन रोलच्या मधल्या फटीत पडले असावेत. कोणी वैर धरून नाव कापलेलं नसतं.

आणि कधी कधी माझ्यासारखा एखादा असतो. १९९१ साली मी एका जवानाच्या मुलीच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर टाइप केली. टाइपरायटर, खाली तीन कार्बन, एक प्रत रेकॉर्डला, एक पे अकाउंट्सला. नंबरातले ४ आणि ७ उलटे पडले. मला कळलंच नाही. तो नंबर भलत्याच माणसाचा, म्हणून ऑर्डर कुठंच चढली नाही. तो जवान पेन्शनचे कागद करायला बसला तेव्हा त्याला समजलं की कागदावर त्याला मुलगीच नाही, आणि मुलगी तोवर सातवीत. मला शोधून काढून त्यानं पत्र पाठवलं. त्यात शिवी एकही नव्हती, फक्त विचारलं होतं, ‘‘साहेब, ४ आणि ७ मध्ये काय फरक असतो?’’ ते पत्र माझ्याकडे अजून आहे. हे अशासाठी सांगतो की अर्जात ‘माझ्यावर अन्याय झाला’ असली दोन पानं लिहू नका. तिकडं बसलेला क्लार्क तेव्हा जन्मलाही नसेल. त्याला नेमकं काय शोधायचं ते सांगा, तो शोधतो.

अर्ज तुमच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला, ऑफिसर-इन-चार्ज रेकॉर्ड्स यांच्या नावे. हिंदीत लिहा. रेकॉर्डमध्ये देशभरचे लोक असतात, मराठी अर्ज भाषांतरासाठी पडून राहतो. सुरुवातीलाच नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख. मग तीनच गोष्टी मागा. एक, माझ्या शीट रोलमध्ये मार्च १९८८ ते मे १९८९ या काळात अटॅचमेंटची किंवा भारताबाहेरच्या सेवेची पार्ट टू ऑर्डर आहे का, असल्यास तिची प्रत. दोन, विशेष सेवा पदक, क्लास्प (रिबनवरची मोहिमेच्या नावाची पट्टी) ‘श्रीलंका’, यासाठी माझ्या नावानं दावा गेला होता का. तीन, गेला नसेल तर सोबतच्या पुराव्यावरून नोंद दुरुस्त करून दावा पाठवावा. तुम्ही पत्रात नुसतं ‘श्रीलंकेला’ लिहिलंत. अर्जात त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन पवन’ लिहा, कारण फौजेच्या कागदात त्या नावानंच शोध लागतो. भारत-श्रीलंका करार झाला २९ जुलै १९८७ ला, आपली शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली २४ मार्च १९९० ला. तुमचे चौदा महिने यात पूर्ण बसतात.

कोणी तुम्हाला सांगेल, गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, नाव शोधा. त्यात वेळ घालवू नका. गॅझेटमध्ये शौर्य पुरस्कार छापतात. महार रेजिमेंटच्या ८ व्या पलटणीचे मेजर रामास्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला जाफन्याच्या बाजूला शहीद झाले, त्यांना परमवीर चक्र मिळालं, ते गॅझेटमध्ये सापडेल. मोहिमेत हजर राहिल्याचं पदक हजारोंना मिळतं, त्याची जागा पार्ट टू ऑर्डरमध्ये.

पुराव्यासाठी पेटी उघडा. आपल्या प्रत्येकाच्या घरी ती काळी लोखंडी पेटी असते, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आणि बहुतेकांच्या पेटीत आता कडधान्य असतं. तुमच्याकडे कागद शिल्लक असतील तर मूव्हमेंट ऑर्डर, सुटीचा दाखला, जुनं पे बुक काहीही चालेल. पण मी सगळ्यात आधी वहिनींना विचारीन. तुम्ही तिकडून पाठवलेली पत्रं त्यांनी ठेवली आहेत का? असतील तर मजकूर नका वाचू, तो तुमच्या दोघांचा. पाठ पाहा. पाठवणाऱ्याचा पत्ता तुम्ही स्वतःच्या हातानं लिहिलेला असेल, नंबर, नाव, मग युनिट, शेवटी मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. ५६ एपीओ कितीतरी ठिकाणांसाठी एकच असतो, त्याचं काही नाही. युनिटच्या जागी तुम्ही कोणतं नाव लिहिलंय? मूळ युनिटचं की त्या पलटणीचं? पलटणीचं असेल तर १९८८ साली तुम्ही तिच्याबरोबर होता हे सांगणारा कागद तुम्हीच लिहून ठेवलाय. त्यावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, त्यातला नंबर आणि तारीख जपा. शिक्क्यावर गावाचं नाव नसतं, पण तो नंबर तेव्हा कुठं होता हे फौजेच्या टपाल खात्याला माहीत असतं. पत्राच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. मूळ पत्र कोणालाही देऊ नका, मला दाखवायलासुद्धा पाठवू नका.

बाकीचे पाच ड्रायव्हर कुठे आहेत? त्यांच्यापैकी एकाच्या डिस्चार्ज बुकात जरी श्रीलंका चढलेली असेल तरी तुमचं निम्मं काम झालं. त्याच्या त्या पानाची प्रत आणि त्याच्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर-तारीख अर्जात घाला. कोणाच्याच बुकात नसेल तर सहाही जणांनी वेगवेगळे अर्ज एकाच आठवड्यात पाठवा. सगळ्यांची मिळून एक अर्जी करू नका, ती कोणाच्याच फायलीत लागत नाही.

अर्ज यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा आणि एक प्रत थेट स्पीड पोस्टानं. सैनिक कल्याण कार्यालयाकडे तुमचा शीट रोल नसतो, त्यामुळे तिथल्या बाबूशी भांडून उपयोग नाही. त्यांच्या पत्रासोबत अर्ज गेला की त्याला आवक नंबर पडतो, इतकंच त्यातून साधायचं. दोन महिने थांबा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. त्यात ‘मला पदक का दिलं नाही’ असं विचारू नका. का या प्रश्नाला तिथं उत्तर नसतं. ‘माझ्या शीट रोलची आणि अमुक काळातल्या पार्ट टू ऑर्डर्सची प्रत द्या’ असं लिहा. सगळं करून नकार आलाच तर सशस्त्र बल न्यायाधिकरण आहे, मुंबईला त्याचं खंडपीठ. नकाराचं पत्र आल्यापासून सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. पण कागद असले की बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

पैशाचं विचारलंत. या पदकानं पेन्शन एका रुपयानं वाढत नाही. शौर्य पदकांना दरमहा भत्ता आहे, मोहिमेच्या पदकाला नाही.

पण ज्याला तुम्ही ‘ते जाऊ द्या’ म्हणालात, ते मी जाऊ देणार नाही. कान. सुरुंग फुटल्यावर तुम्हाला एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) किंवा फील्ड हॉस्पिटलात दाखवलं होतं का? मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, उतरवली होती का? १९९६ ला घरी येताना मेडिकल बोर्डात डॉक्टरनं कानाबद्दल काही लिहिलं का? मोहिमेत सुरुंगानं झालेली इजा ही वेगळ्या वर्गातली गोष्ट आहे, आणि अपंगत्व २० टक्के किंवा जास्त ठरलं तर त्याचं पेन्शन असतं. म्हणजे नातवासमोर गप्प बसवणाऱ्या पदकाला पैसे नाहीत आणि ज्याची तुम्ही तक्रारही केली नाही त्या कानाला कदाचित आहेत. तुमच्या बोर्डाचे कागद पाहिल्याशिवाय मी शब्द देत नाही. पण माहिती अधिकारात शीट रोलसोबत मेडिकलचे सगळे कागद आणि रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत मागा. कानाचा अर्ज मात्र पदकाच्या अर्जापासून वेगळा ठेवा. पदकाच्या अर्जात कान घातला की फाइल मेडिकलकडे जाते आणि दोन्ही कामं अडकतात. कागद आले की मला लिहा, किंवा पोळ्याच्या आधी एखाद्या शुक्रवारी कारंज्याला या, मी बाजाराच्या दिवशी घरीच असतो. सोयाबीन निघायला लागलं की मी सापडत नाही.

प्रश्न : माझे आजोबा फौजेत होते. १९७० च्या आधीच पेन्शन न मिळता घरी आले. ते ‘गाझात होतो’ म्हणायचे. त्यांच्या वस्तूंत एक पदक सापडलं, त्यावर संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह आणि यू, एन, ई, एफ अशी इंग्रजी अक्षरं आहेत. नंबर फक्त एका फोटोच्या मागे आहे. नोंद मिळेल का?
– एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : आजोबा खरं सांगत होते. इजिप्त-इस्रायल सीमेवर संयुक्त राष्ट्रांची आणीबाणी सेना १९५६ ते १९६७ या काळात होती, तिच्यात आपल्या पलटणी पाळीपाळीनं जात. त्या सेनेचं पदक ते हेच. पाठीमागे इंग्रजीत ‘शांततेच्या सेवेत’ अशा अर्थाचे शब्द असतील, ताडून घ्या. याशिवाय परदेशातल्या सेवेसाठी आपल्या सरकारचं विदेश सेवा पदक १९६० पासून आहे, ते त्यांना लागू होतं का हे रेकॉर्डलाच विचारावं लागेल.

अडचण अशी की पेन्शन नसलेल्या सैनिकाचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. शीट रोल मागाल तर ‘नष्ट केला’ असं उत्तर येईल आणि तुम्ही तिथंच थांबाल. म्हणून लाँग रोलचा उतारा मागा. ते रजिस्टर कायम ठेवतात. त्यात एका माणसाला एखादीच ओळ असते, पण नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज असतं. सोबत वारस असल्याचा पुरावा आणि आजोबांच्या मृत्यूचा दाखला जोडा. फोटोच्या मागचा नंबर भिंगाखाली धरून दोघांनी वेगवेगळा लिहून काढा आणि मग जुळवून पाहा.

आणि पदकाला ब्रासो लावू नका. घासून चकचकीत केलं तर वरची अक्षरं झिजतात.