चर्चच्या पैशातून वाड्यावर बोअर घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तुमच्या वाड्यावर उन्हाळ्यात नळाला पाणी चढत नाही. चर्चशी संबंधित एक संस्था बोअर, टाकी आणि फिल्टर फुकट बसवून देते म्हणते. गावातले काही जण 'आज पाणी, उद्या धर्म' म्हणून घाबरवताहेत. घ्यावं की नको?

घ्या. पण घेण्याआधी जे विचारायचं, त्यात धर्म माझ्या यादीत खाली आहे.

मी डिचोलीत पंप-मोटरींची कामं करतो. टाकी देवस्थान समितीची असो की कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी दिलेली, बंद पडली की फोन मलाच येतो. दान देणाऱ्याची नियत बहुतेक वेळा चांगली असते. उद्घाटनही झोकात होतं. नंतर मोटर कोणाची, हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं.

गावोगावी दिसणाऱ्या 'इंडिया मार्क टू' हापशाचंच उदाहरण बघा. त्याचं मूळ महाराष्ट्रात, मिशनच्या कामात आहे. दुष्काळी भागात बोअर मारून वर घरगुती वापराचे बिडाचे पंप बसवायचे. अख्खं गाव हापसायला लागलं की ते मोडायचे. जालना आणि सोलापूरला मिशनच्या पाणीकामातून गावाचा मारा सोसणारा दणकट पंप तयार झाला. त्यातल्या सोलापूरच्या पंपावरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने मार्क टू घडला आणि पुढे आफ्रिकेतही गेला. म्हणजे प्रश्न तेव्हाही बोअरचा नव्हता, टिकण्याचा होता. नगर जिल्ह्यात स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाची कामं उभी केली, तिथे गावाला श्रमदान करावं लागे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागे. फुकट काही नव्हतं. तुमच्या संस्थेच्या बोलण्यातला 'फुकट' हा शब्द मला म्हणूनच खटकतो.

आमच्या भागातल्याच एका वाड्यावर अशीच दानाची बोअर होती. पाणी आटलं म्हणून लोक पुन्हा लांबच्या झरीवर जायला लागले होते. मी स्टार्टरची पेटी उघडली तर कॉन्टॅक्टच्या मध्ये मुंग्या चिरडून त्यांचा काळा थर बसलेला. ब्रशने साफ केलं, बटण दाबलं, पाणी आलं. बोअरला काही झालंच नव्हतं. पेटीला रबरी गॅस्केट लावायचं आणि अधूनमधून उघडून बघायचं, हे काम कोणाच्या नावावर नव्हतं, एवढंच. मागच्या भिंतीवर देणगीदारांचा संगमरवरी फलक तेवढा लख्ख होता.

म्हणून पहिला प्रश्न: वीजमीटर कोणाच्या नावावर, बिल कोण भरणार? घरटी थोडी वर्गणी ठरवा, वाड्यातल्याच एखाद्या पोराला किंवा पोरीला पेटी उघडायला शिकवून ठेवा. दुसरा प्रश्न जागेचा. टाकी चॅपेलच्या आवारात, देवळाच्या किंवा कुणा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत असेल तर वन-फोर्टीन उतारा (आपल्याकडचा सातबारा) बघा आणि पाणी सर्वांना खुलं राहील हे पंचायतीत लिहून घ्या. धर्मावरून पाणी अडलेलं मी पाहिलेलं नाही, जमिनीवरून अडलेलं पुष्कळ पाहिलंय. बोअरला परवानगीही लागते; 2002 च्या गोवा भूजल नियमन कायद्याप्रमाणे जलस्रोत खात्याकडे अर्ज करावा लागतो. 'ते आम्ही बघतो' म्हणाले तर परवानगीचा कागद हातात घ्या.

फिल्टरची घाई करू नका. खाणपट्ट्याच्या आसपास बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा लोह असतं: काढताना पाणी स्वच्छ, कळशीत काही तास ठेवलं की लालसर. नुसतं लोहच असेल तर पाणी हवेत खेळवून वाळूच्या फिल्टरमधून काढलं की काम भागतं; महागडा आरओ कशाला, त्याचा मेंब्रेन लोहाने चोंदतो आणि बदलायला पैसे नसतात. आधी प्रयोगशाळेत तपासणी, मग यंत्र. पहिल्या पावसानंतर पुन्हा तपासून घ्या. आपला जांभा सच्छिद्र, संडासाच्या सोकपिटचं (शोषखड्ड्याचं) पाणी त्यातून सहज विहिरीपर्यंत जातं.

पैसे परदेशातून येत असतील तर संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आहे का ते विचारा. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे 'मोठ्या संस्थेकडून आमच्याकडे येणार आहेत' हे उत्तर चालणार नाही.

आता धर्म. पाणी घेणाऱ्यांची नावं-जाती लिहिणार का, प्रार्थनेला यावं लागेल का, हे पाद्रींना सगळ्यांसमोर सरळ विचारा. नीट काम करणाऱ्यांना हा प्रश्न झोंबत नाही. अट निघालीच तर हात जोडून नको म्हणा. आणि घाबरवणाऱ्यांना विचारा, गेल्या मे महिन्यात टँकर मागवायला तुमच्यातलं कोण पुढे आलं होतं?

एक माहिती तुम्ही दिलेली नाही. वाड्यावर जुनी विहीर आहे का, आणि मे अखेर तिच्यात किती हात पाणी उरतं? हे कळवा. तळाला थोडं जरी पाणी टिकत असेल तर गाळ काढून, कठडा आणि झाकण बांधून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून बोअरपेक्षा स्वस्तात निभेल, आणि त्याच संस्थेला तेवढ्याच कामासाठी विचारता येईल.