पहिल्यांदा शिळाछाप करताना

अरे, शिळाछाप म्हणजे घासलेल्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढून त्याचा कागदावर छाप घेणं; तेव्हा त्या दगडावर हात टेकवू नकोस. बोटांचं तेलही छापात उमटतं. सगळी गंमत तीच आहे: चरबी शाई धरते, ओला दगड ती झिडकारतो. झेनेफेल्डरला हे १७९८च्या सुमारास बव्हेरियात उमगलं. गडी नाटककार, स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची होती! शाईचा रूळ फिरवताना दगड सुकू देऊ नकोस, नाहीतर कोऱ्या जागीही शाई बसेल. अक्षरं उलटी लिही, हे सगळेच एकदा विसरतात. सपाट रंगांसाठी फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकची पोस्टरं बघ. पण त्याआधी स्पॅनिश चित्रकार गोयाची १८२५ची, फ्रान्समधल्या बोर्दोतली बैलझुंजीची चित्रं बघ. सत्तरीच्या पुढे त्यानं दगड चित्रकाराच्या घोडीवर (ईझलवर) उभा करून तेलकट खडूनं अंधार भरला आणि वस्तऱ्यानं खरवडून उजेड काढला. तूही एक दगड असाच खरवडायला ठेव.