बेळगाव सीमाभागात कष्टकरी आणि निवृत्तांसाठी सरकारनं सर्वांत आधी काय करावं?

माझ्या मते आधी पेन्शन. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात फाउंड्रीत हयात घालवलेल्या माणसाला ईपीएस-९५ मधून, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेतून, काय मिळतं? किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये. सप्टेंबर २०१४ पासून हा आकडा हललेला नाही, कारण या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेलाच नाही. आमच्या बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांतच ती संपते. ती महागाईशी जोडली पाहिजे, बाकी सगळं नंतर.

दुसरं, कागद मराठीत द्या. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं ठरून कितीतरी वर्षं झाली. तरी खानापूरकडची म्हातारी माणसं कन्नड अर्ज हातात धरून कुणी वाचून दाखवतंय का बघत बसतात. कन्नडला विरोध नाही हो, पण आपण सही कशावर करतोय हे माणसाला कळायला नको?

निपाणीत विड्या वळून बायकांच्या बोटांचे ठसे झिजलेत. हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर अंगठा उमटत नाही. माझ्या मावशीला एका ऑफिसातून तीनदा परत पाठवलं. चेहरा दाखवून मोबाईलवरून दाखला काढता येतो, हे तिला कुणी सांगितलंच नाही. घरात पेन्शनर असेल तर आजच करून द्या. ईपीएसचा दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेतून घरच्या कर्त्या बाईला महिन्याला मिळणाऱ्या २,००० रुपयांचा आधार खराच आहे, ती योजना चालू राहावी.