कुलूप लॅपटॉपला, की मुलाला?

प्रश्न : मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय. रात्ररात्र जागून ‘टाइप हिंट दिल्या की कोड आपोआप लिहिणारा’ प्रोग्राम करत बसतो. कोड मशीनच लिहिणार, तर डिग्री काय कामाची? लॅपटॉप मी कपाटात कुलपात ठेवलाय. एमपीएससीचा क्लास लावू का? – एक पालक, सांगली

उत्तर : एम-थ्री बऱ्याच मुलांचा राहतो, निघतोही. मला काळजी वाटली ती कुलपाची. अख्ख्या पत्रात मुलाचं म्हणणं एका ओळीतही नाही. एमपीएससी त्याला करायचीय की तुम्हाला? क्लासवाला फी घेईल, हे विचारणार नाही. लॅपटॉप आजच परत द्या. रात्री किती वाजेपर्यंत, हे दोघं बसून ठरवा.

आता तुमचा गैरसमज. टाइप म्हणजे प्रोग्रामला कुठल्या प्रकारची माहिती द्यायची आणि त्याने कुठल्या प्रकारची परत द्यायची, एवढंच. तो सांगितला म्हणजे प्रोग्राम ठरला, असं नसतं. ‘आकड्यांची यादी घे, आकड्यांची यादी दे’ एवढंच सांगितलं, तर यादी चढत्या क्रमाने लावणारा कोड चालतो, उलटी करणारा चालतो आणि दरवेळी रिकामी यादी देणारा कामचुकारही चालतो! नेमकं हवंय काय, हे माणसानेच सांगायचं. ते सांगता यावं आणि मशीनने भलतीकडे शोधत बसू नये, म्हणून त्या कामापुरती छोटी भाषा घडवावी लागते. एक्सेल २०१३ मधलं ‘फ्लॅश फिल’ तुम्हीही वापरलं असेल. पूर्ण नावांशेजारी एक-दोन आडनावं लिहिली की उरलेला रकाना भरतो. तिथे टाइपऐवजी नमुने द्यायचे, पण आत अशीच छोटी भाषा आहे. ती घडवणारे मायक्रोसॉफ्टचे सुमित गुलवानी आयआयटी कानपूरला शिकले. हॅस्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी लेनर्ट ऑगस्टसन यांनी केलेलं ‘जिन’ हे सॉफ्टवेअर तर टाइपला तर्कशास्त्रातलं विधान समजतं आणि त्याची सिद्धता शोधतं. सापडलेली सिद्धता हाच प्रोग्राम. तुमचा मुलगा ज्यात रमलाय, ते हे आहे. टाइमपास नव्हे.

त्यालाही एक सांगा. या कामाला डिस्क्रीट मॅथ्स आणि लॉजिक पक्कं लागतं. एम-थ्रीचा इथे फारसा संबंध नाही, पण तो काढल्याशिवाय डिग्री नाही, तेव्हा येत्या परीक्षेत काढायचाच. पुढे गेट, एम.टेक. हा रस्ता आहे. गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते.

एमपीएससीचं त्याने स्वतः विचारलं, तर जरूर बोलू.