फ्लश ड्रॉ हातात असताना फ्लॉपवर रेज कधी करावं?

तुम्ही लिहिलंय की सॅन होजेला येऊन सहा महिने झाले, शनिवारी कार्डरूममध्ये ४/८ लिमिट होल्डेम (पोकरचा प्रकार; बेट ठरलेली, पहिल्या दोन राउंडला ४ डॉलर, पुढच्या दोनला ८) खेळता, आणि ऑफिसातले मित्र सांगतात की फ्लशचा (एकाच रंगाची पाच पानं) किंवा स्ट्रेटचा (ओळीने पाच पानं) ड्रॉ असेल, म्हणजे एक पान कमी असेल, तर पान लागेपर्यंत नुसता कॉल करत राहा, समोरच्याने लावले तेवढेच भरा. ते बरोबर आहे का, आणि प्रीफ्लॉपला (हातात दोनच पानं असताना) अशा पानांचं काय करावं, असं विचारलंत.

बरोबर नाही. फ्लॉपवर (बोर्डावर सगळ्यांची सामाईक पहिली तीन पानं उघडतात तेव्हा) तुमच्याशिवाय किमान तिघं डावात असतील, ड्रॉ मोठ्या फ्लशचा असेल आणि तुमच्या रेजमुळे (बेट वाढवल्यामुळे) कुणी पळून जाणार नसेल, तर रेज करायचं. दर वेळी करायचं. इतक्या जोरात सांगतोय कारण याच एका मुद्द्यावरून आमच्या थोरल्या साडूंशी, म्हणजे भाऊंशी, माझं २०१२ पासून वाजलेलं आहे.

भाऊंनीच मला होल्डेम शिकवलं. ते फ्रीमॉंटला, मी तेव्हा सनीव्हेलला. महिन्यातून एकदा शुक्रवारी रात्री आम्ही दोघं जायचो. माणूस चांगला, हिशोबाला पक्का, पण लहानपणापासून तीनपत्ती खेळलेला. अशाच एका रात्री मी बटणावर होतो, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी बोलणारा. हातात किलवर राजा आणि किलवर दश्शी. माझ्या आधी चौघं चार-चार डॉलर टाकून आत आले, मीही आलो, स्मॉल ब्लाइंडने (पानं बघण्याआधीच २ डॉलर भरणारा) पानं फेकली, बिग ब्लाइंडने (तसेच ४ भरणारा) चेक केलं, म्हणजे काही न वाढवता पुढे जाऊ दिलं. पॉट २६ डॉलर (कार्डरूमचं कमिशन सोडून मोजतोय). फ्लॉप पडला किलवर एक्का, किलवर सत्ती, बदाम पंजी. एक्का बोर्डावर आणि राजा माझ्याकडे, म्हणजे अजून एक किलवर पडलं की सगळ्यांत मोठा फ्लश माझा.

बिग ब्लाइंडने चेक केलं. त्याच्या पुढच्याने ४ ची बेट लावली. हे आजोबा शेजारी ढकलगाडीवर सूपचा वाडगा ठेवून खेळायचे आणि हातात एक्का आला की तो शेवटपर्यंत सोडायचे नाहीत, हे अख्ख्या टेबलाला माहीत होतं. दोघांनी कॉल केला, एकाने पानं टाकली, पाळी माझ्यावर आली. मी ८ केले. बिग ब्लाइंड गेला. आजोबांनी चमचा खाली ठेवला आणि १२ केले. मधल्या दोघांनी भरले. मी १६ करून कॅप लावली. बेट आणि तीन रेज झाले की त्या राउंडला पुढे काही नाही. सगळ्यांनी भरले, पॉट ९० वर गेला.

टर्नला, म्हणजे बोर्डावरच्या चौथ्या पानाला, चौकट नव्वी. आजोबांची ८ ची बेट, एकाचा कॉल, एक गेला, आणि मी रेज करून १६ केले. दोघांनीही भरले. रिव्हरला, म्हणजे पाचव्या, शेवटच्या पानाला, इस्पिक दुर्री. आजोबांनी परत बेट लावली, दुसऱ्याने कॉल केला, मी पानं टाकली. आजोबांकडे एक्का-राणी, दुसऱ्याकडे एक्का-अठ्ठी. पॉट आजोबांचा. माझे गेले ३६ डॉलर.

भाऊ तिसऱ्या सीटवर आधीच पानं टाकून बघत बसले होते. डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजी बोलायचं असा तिथला नियम, म्हणून गप्प होते. डीलरने चिप्स पलीकडे सरकवल्याबरोबर मराठीत सुरू झाले. "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! अरे, हातात साधी जोडी नाही आणि कॅप लावतोस?"

तेवढ्यावर थांबले असते तर मी विसरलोही असतो. पण त्या वर्षी गणपतीत आरतीनंतर हीच गोष्ट सगळ्यांसमोर झाली. दिवाळीला परत. ३६ चे दिवाळीपर्यंत दीडशे झाले होते, आणि त्यांच्या मुलाच्या मुंजीत तीनशे. सासरे तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांनी मला जेवणानंतर गॅरेजमध्ये बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, कर्ज वगैरे काही नाही ना?" मी त्या वेळी फक्त "नाही" म्हणालो. पुढचा हिशोब त्यांना सांगण्यासारखा नव्हता, तो आता तुम्हाला सांगतो.

फ्लॉपनंतर न दिसलेली पानं ४७, त्यांतली माझ्या कामाची किलवरची ९. दोन पानं यायची आहेत. त्या दोनांत किमान एक किलवर येण्याची शक्यता ३५ टक्के, म्हणजे साधारण तीनात एकदा. फ्लॉपवर आम्ही चौघांनी १६-१६ डॉलर टाकले, एकूण ६४. त्यात माझा हिस्सा ३५ टक्क्यांनी २२.४० डॉलर. मी घातले १६. म्हणजे ६.४० डॉलर माझ्या बाजूने, किलवर येवो न येवो. मी नुसता कॉल केला असता आणि तिथेच थांबलं असतं, तर १६ च्या ढिगात माझा हिस्सा ५.६०, घातलेले ४, फायदा १.६०. रेजने मला सरासरी ४.८० डॉलर जास्त दिले. "हातात जोडी नाही" हे खरं आहे, पण त्या क्षणी त्या ढिगातला तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त वाटा माझा होता आणि खर्च मी फक्त चौथ्या हिश्शाचा करत होतो. यापेक्षा स्वस्तात काही मिळत नाही.

भाऊंची चूक कुठे होते तेही मला कळतं. तीनपत्तीत तिन्ही पानं आधीच वाटलेली असतात. पुढे काही यायचं नसतं. तिथे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे शंभर टक्के खरं. होल्डेमच्या फ्लॉपवर आडात अजून दोन पानं आहेत, आणि ती सगळ्यांना सारखी आहेत. तीनपत्तीचं शहाणपण इथे आणलं की माणूस जोडीवर धीट होतो आणि ड्रॉवर भित्रा. तुमच्या ऑफिसातल्या मित्रांचंही तेच झालेलं असणार.

दुसरं, तुमचे मित्र व्हिडिओ बघून शिकले असतील तर ते नो-लिमिट (बेटला मर्यादा नसलेला खेळ) बघतायत. नो-लिमिटमध्ये ड्रॉवर रेज केलं की समोरचा सगळी चिप्स पुढे ढकलतो आणि तुम्हाला पान बघायलाच मिळत नाही. तिथे भीती रास्त आहे. लिमिटमध्ये समोरचा चिडला तरी आणखी चारच डॉलर वाढवू शकतो. तुम्हाला ड्रॉवरून उठवण्याचं हत्यारच त्याच्याकडे नाही.

आता रेज कुठून करायचं. माणसं मोजण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे आणि याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या डावात बेट लावणारा लांब होता, मधल्या दोघांनी चार-चार आधीच भरले होते, आणि मी शेवटी होतो. चार घातलेला माणूस आणखी चारसाठी पानं टाकत नाही. गिऱ्हाईक आत आलं, मग मी भाव वाढवला. याच्या उलट, बेट लावणारा तुमच्या लगेच उजवीकडे असेल आणि तिघं तुमच्या मागे बोलायचे असतील, तर तिथे रेज करू नका. त्यांच्यासमोर एकदम आठ डॉलर येतील आणि तिघंही जातील. मग उरता तुम्ही आणि बेट लावणारा. ३५ टक्क्यांवर एकाशी दुप्पट पैसे लावणं हा तोट्याचा धंदा. तिथे कॉल करा, मागच्यांना येऊ द्या. आणि तुम्ही आधी चेक केलं, तुमच्या डावीकडच्याने बेट लावली, टेबलभर कॉल होत पाळी परत तुमच्याकडे आली, तर चेक-रेज. ती सगळ्यांत सुंदर जागा. मला अजूनही तिथे हात आवरत नाही.

समोर दोघंच असतील तर? १२ डॉलरच्या ३५ टक्के म्हणजे ४.२०. फायदा वीस सेंट. तुम्ही बटणावर असाल तर तरीही करा, कारण पुष्कळदा टर्नला सगळे तुम्हाला चेक करतात. तेव्हा पान लागलं नसेल तर तुम्हीही चेक करून रिव्हर फुकट बघता. फ्लॉपवर चार जास्त गेले, टर्नचे आठ वाचले. मात्र त्या आजोबांसारखा कुणी समोर असेल तर ही बचत धरू नका.

कॅलिफोर्नियातल्यांसाठी एक खास मुद्दा. इथे कार्डरूमला पॉटच्या टक्क्याने कमिशन घेता येत नाही, दर डावाला ठरावीक रक्कम ड्रॉप म्हणून निघते. माझ्या टेबलावर तेव्हा ४ डॉलर निघायचे. २० च्या पॉटमधून चार गेले तर पाचवा हिस्सा गेला, १५० च्या पॉटमधून गेले तर जाणवतही नाहीत. भाऊंसारखं कॉल करत छोटे पॉट जिंकणारा माणूस हा भुर्दंड जन्मभर भरत राहतो. मोठ्या हिश्शाचा ड्रॉ आला की पॉट मोठा करायचा, त्याचं हेही एक कारण.

आता एक कबुली, जी भाऊंनी कधी मागितली नाही कारण त्यांच्या ती लक्षातच आली नाही. माझी चूक टर्नला झाली. टर्नला एकच पान उरलं होतं. ४६ पानांत ९, म्हणजे १९.६ टक्के. मी रेज केल्यावर आम्ही तिघांनी जास्तीचे आठ-आठ घातले, २४ डॉलर. माझा हिस्सा ४.७०, घातले ८. तोटा ३.३०. फ्लॉपवर कमावलेल्यातलं निम्मं मी स्वतःच्या हाताने परत दिलं. टर्नला रेज करायला समोरचा पानं टाकेल अशी थोडीतरी आशा लागते. पोकरवर पुस्तकं लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लॅन्स्की यांनी ज्याला 'सेमी-ब्लफ' (पान अजून लागलेलं नसताना, पण लागू शकेल अशा हातावर लावलेली बेट) हे नाव दिलं, त्याचा अर्धा जीव त्या आशेत असतो. एक्का धरून बसलेल्या माणसाला ४/८ मध्ये आठ डॉलरने कोण उठवणार? तिथे कॉल बरोबर होता (१०६ च्या पॉटसाठी आठ, डोळे मिटून), रेज चूक. मी चिडलो होतो, चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघितलेलं मला लागलं होतं. पण भाऊंनी टर्नबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी माझ्या बरोबर केलेल्या गोष्टीवर बारा वर्षं भाषण दिलं.

२०१५ च्या जानेवारीत अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी लिमिट होल्डेम कॉम्प्युटरने सोडवल्याची बातमी आली. भाऊंनी ती मला पाठवून खाली लिहिलं, "आता वाद मिटला." भाऊ, ते दोघांच्या खेळाबद्दल होतं. दोघांत ड्रॉचा हिशोब वेगळा आणि नऊ जणांच्या टेबलावर वेगळा. मी तेव्हाही हेच उत्तर दिलं होतं, त्यावर अंगठा आला फक्त.

तुम्हाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बरोबर रेज केलंत तरी शंभरात पासष्ट वेळा पान लागणार नाही. म्हणजे बघणाऱ्याला तीनात दोनदा तुमचे मित्रच शहाणे दिसणार. आणि लागतं तेव्हा कुणी म्हणत नाही की रेजमुळे पॉट दुप्पट झाला, म्हणतात नशीब काढलं. एकदा भाऊंनी सात जणांच्या पॉटमध्ये सगळ्यांत मोठ्या फ्लशचा ड्रॉ शेवटपर्यंत नुसता कॉल करत नेला, बदाम लागलं, पॉट उचलला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "असं खेळायचं." मी गाडीत बसल्यावर पावतीच्या मागे हिशोब मांडून दाखवला की फ्लॉपवर कॅप लागली असती तर त्याच पॉटमध्ये ऐंशीच्या वर डॉलर आणखी आले असते. त्यांनी पावती घडी करून कपहोल्डरमध्ये ठेवली.

काही गोष्टी वर सांगायला हव्या होत्या. बोर्डावर जोडी असेल तर हे सगळं विसरा, तुमचा फ्लश लागूनही फुल हाऊसकडून (तीन सारखी पानं आणि एक जोडी) मार खाल. सत्ती-सहाचा छोटा फ्लश लागणार असेल तर एकदा रेज ठीक, कॅप नको. दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेटला ८ पानं, ३१.५ टक्के. समोर तिघं असतील तर रेज चालतं, पण फ्लॉपवर एकाच रंगाची दोन पानं असतील तर आठातली दोन पानं विषारी (तुमचा स्ट्रेट लागेल, पण दुसऱ्याचा फ्लशही), तेव्हा कॉलच. मधलं एकच पान हवं असलेल्या स्ट्रेटवर (४ पानं, १६.५ टक्के) रेज नाहीच. आणि सलग तीन-चार ड्रॉ चुकले की २०० डॉलर सहज जातात, तेवढे गेलेले चालणार असतील तरच बसा.

प्रीफ्लॉपचं राहिलं. एका रंगाची सलग पानं असतील आणि आधी तीन-चार जण आले असतील तर चार डॉलर टाकून या, नसतील तर सोडा. त्यावर माझं फारसं भांडण कुणाशी झालेलं नाही.

हे उत्तर मी भाऊंनाही पाठवतोय. टर्नचा रेज चुकला होता, हे भाऊ, लेखी दिलं. फ्लॉपचा मी उद्या परत करीन.