श्टिबारने सायक्लोक्रॉस सोडायला नको होतं का?

तुम्ही विचारलंय की चेक सायकलपटू झ्देन्येक श्टिबार सायक्लोक्रॉसमध्ये (चिखल-वाळूतल्या सायकल शर्यतींत) जगज्जेता होता, मग रोड रेसिंगकडे वळला आणि तिथे एकही मॉन्युमेंट (सर्वांत मानाच्या पाच एकदिवसीय शर्यतींपैकी एक) जिंकला नाही, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला असंच झालं ना? आणि माउंटन बाइकवर राज्य पातळीपर्यंत गेलेल्या तुमच्या पुतण्याने रोडकडे वळावं का?

पहिल्याचं उत्तर साफ 'नाही' असं आहे. सायकलिंगवर सहसा मी लिहीत नाही, पण "हातचं सोडून पळत्याच्या पाठी" हे शब्द मी घरी इतक्या वेळा ऐकलेत की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही.

मुळात त्याने हातचं सोडलंच नाही. चेकियातल्या ताबोरला २०१० मध्ये गोठलेल्या ट्रॅकवर, घरच्या प्रेक्षकांसमोर तो पहिल्यांदा एलिट (वरिष्ठ गटातला) जगज्जेता झाला. त्याआधीची दोन वर्षं तो दुसरा आला होता, एकदा लार्स बोमच्या मागे, एकदा नील्स आल्बर्टच्या मागे. २०११ मध्ये सांक्ट वेंडेलला पुन्हा जिंकला आणि त्याच वर्षी क्विक-स्टेप या रोड टीममध्ये गेला. आता पुढचं बघा. २०१४ मध्ये, रोडचा पगारी खेळाडू असताना, हिवाळ्यात मोजक्या क्रॉस शर्यती करून तो होखरहायडेच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि स्वेन नेइसला शेवटच्या फेरीत मागे टाकून तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. नेइस म्हणजे क्रॉसमधला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस. सोडून गेलेला माणूस परत येऊन त्याला हरवतो का?

आणि रस्त्यावर काय केलं, तर २०१३ मध्ये एनेको टूर ही अनेक दिवसांची शर्यत जिंकली आणि व्हुएल्टाचा (स्पेनच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीचा) एक टप्पा मारला. २०१५ मध्ये स्त्रादे बियांके ही इटलीतली पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवरची शर्यत जिंकली. सिएनात शिरताना जो शेवटचा चढ आहे तिथे त्याने फान आव्हरमात आणि वाल्वेर्दे या दोघांना सोडलं. त्याच वर्षी टूर द फ्रान्सचा ल हाव्रचा टप्पा जिंकला. २०१९ मध्ये एकाच महिन्यात ओम्लूप आणि ई-थ्री, बेल्जियमच्या दोन मोठ्या एकदिवसीय शर्यती. याला 'जमलं नाही' म्हणायचं असेल तर जमलेल्यांची यादी फारच छोटी होईल. मॉन्युमेंट पाचच असतात वर्षाला. बहुतेक चांगले रायडर एकही न जिंकता निवृत्त होतात.

आता मूळ दुखणं सांगतो.

मी सातारा जिल्ह्यातला. डिप्लोमा झाल्यावर सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. जाहिरात कापून आणण्यापासून फॉर्म भरण्यापर्यंत सगळं काकांनी केलं होतं, म्हणून ती नोकरी जितकी माझी तितकीच त्यांची. अठ्ठाविसाव्या वर्षी मी ती सोडली, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकलो आणि पुढे चेकियातल्या ब्रनोला आलो. काका माझ्याशी बोलायचे थांबले नाहीत, पण प्रत्येक फोनच्या शेवटी एकदा तरी तेच वाक्य यायचं.

२०१७ च्या एप्रिलमध्ये काका-काकू ब्रनोला आले होते. ९ एप्रिल, रविवार, पॅरिस–रूबे, म्हणजे फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांवरची शर्यत, मॉन्युमेंटपैकीच एक. माझ्याकडे टीव्ही लावलेला, आणि शेजारचे आजोबा, ट्रॅम चालवून निवृत्त झालेले, नेहमीप्रमाणे कलाचे (चेक गोड पाव) घेऊन आलेले. काकांना शर्यत कळत नव्हती, पण दगडांवरून सायकली आपटताना बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ती शर्यत तोवरच्या इतिहासातली सर्वांत वेगवान ठरली, ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या वर, तेही २५७ किलोमीटर. धूळ इतकी की मागच्या गाड्या दिसत नव्हत्या.

शेवटी पुढे तिघे उरले, फान आव्हरमात, लांगेफेल्ड आणि आमचा श्टिबार. काकांनी लगेच पकडलं.

"अरे, हे दोघं राबतायत आणि हा मागेच बसलाय. हा पुढे का येत नाही?"

मी म्हटलं, "काका, मागच्या गटात त्याच्या टीमचा बोनेन आहे. चारदा ही शर्यत जिंकलेला. आज त्याच्या आयुष्यातली शेवटची शर्यत. याने पुढे येऊन जोर लावला तर बोनेनला गाठता येणार नाही. म्हणून हा बसून राहतो."

"मग स्वतःचं काय?"

हा प्रश्न फार अचूक होता. कारण श्टिबारचा अर्धा रोडचा इतिहास तोच आहे. क्विक-स्टेपमध्ये क्लासिक्सला (मोठ्या एकदिवसीय शर्यतींना) एकाच वेळी तीन-चार जण जिंकण्याच्या लायकीचे असत, आणि पुढे कोण, मागे कोण यावर तुमचा दिवस ठरत असे.

शर्यत जिथे संपते त्या वेलोड्रोममध्ये (सायकलींच्या गोल ट्रॅकवर) पोचल्यावर तिघे एकमेकांकडे बघत इतके हळू झाले की मागून मोस्कोन आणि स्टॉयव्हन येऊन मिळाले. श्टिबारने स्प्रिंट उघडली. काका उभे राहिले. शेवटच्या सरळीत फान आव्हरमात बाहेरून आला आणि अर्ध्या सायकलीने नव्हे, चांगला पुढे निघून गेला. श्टिबार दुसरा. दोन वर्षांपूर्वी, डेगेनकोल्ब जिंकला तेव्हाही दुसराच.

काका बसले आणि म्हणाले, "एवढं करून दुसरा. पहिल्या कामात राजा होता म्हणतोस ना?"

आजोबांनी विचारलं, काय म्हणतायत. मी चेकमध्ये सांगितलं. आजोबांनी जोरात मान डोलावली आणि म्हणाले, अगदी बरोबर बोलतायत, चिखलात राहिला असता तर शिमूनेकसारखा झाला असता. राडोमीर शिमूनेक १९९१ चा जगज्जेता, जुन्या माणसांचा देव. हे मी काकांना मराठीत सांगितलं, आणि दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थाप मारली. दोघांना जोडणारी भाषा फक्त माझी, आणि दोघेही माझ्या विरुद्ध. त्या दिवशी काकूंनी चहा टाकला आणि विषय बुडाला. मला जे म्हणायचं होतं ते राहून गेलं, ते इथे लिहितो.

सायक्लोक्रॉस तासाभराचं असतं. चिखल, वाळू, आडव्या फळ्या, जिने. सायकल खांद्यावर टाकून पळायचं आणि पळता पळता परत सीटवर उडी. प्रत्येक वळणातून बाहेर येताना वेग जवळजवळ शून्य, तिथून पुन्हा पूर्ण ताकद, असं तासभर. टायर ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि त्यात हवा इतकी कमी ठेवतात की अंगठ्याने दाबला तर आत जातो. पिटमध्ये दुसरी सायकल धुऊन उभी असते, अर्ध्या फेरीत बदलता येते. हा खेळ जगतो बेल्जियममध्ये. पैसा तिथे, प्रेक्षक तिथे, म्हणून श्टिबारही तिथे जाऊन राहिला आणि डच शिकला. एका परक्या देशाच्या हिवाळी खेळात राजा होणं आणि आयुष्यभर तेच पाच-सहा चेहरे दर शनिवार-रविवारी हरवणं किंवा त्यांच्याकडून हरणं, हे 'हातचं' होतं. त्याने पंचविसाव्या वर्षी विचारलं, मी आणखी काय करू शकतो? हा प्रश्न विचारणं गुन्हा नाही, काका.

रूबे पावणेसहा-सहा तासांची. तासाच्या शरीराचं सहा तासांचं शरीर करायला मोसम जातात. पहिले दोन मोसम त्याच्या नावावर फारसं मोठं काही नव्हतं, आणि तेव्हाच लोक 'बघा, म्हटलं होतं' म्हणायला लागले. २०१३ मध्ये पहिल्याच रूबेत तो कार्रफूर द लार्ब्रच्या दगडांवर कांचेलारा आणि वानमार्कच्या बरोबरीने होता. तिथे कडेला उभ्या प्रेक्षकाला घासला, पाय पेडलमधून सुटला, पडता पडता वाचला आणि ते दोघे निघून गेले. सहावा आला. तो क्षण हळू गतीत बघा. दुसरा कोणीही त्या दगडांत आडवा झाला असता. सायकल हाताखाली नाचत असताना तोल सांभाळणं त्याला क्रॉसने दिलं. सिएनाच्या पांढऱ्या धुळीचे रस्तेही तो त्याच हातांनी जिंकला. जुनं काम नव्या कामात उतरलं, वाया गेलं नाही. मीही आज सॉफ्टवेअर तपासताना जी चिकाटी वापरतो ती कालव्याच्या कामावर मोजमापं परत परत घेताना आलेली आहे. काकांना हे कधी दिसलं नाही, कारण त्यांच्या हिशेबात पद आणि पेन्शन एवढेच दोन रकाने.

आणि शेवटही बघा. २०२१ मध्ये ऐन क्लासिक्सच्या मोसमात हृदयाच्या ठोक्यांची गडबड निघाली, अब्लेशन (त्यासाठीची हृदयावरची प्रक्रिया) करावं लागलं, फ्लांडर्सची शर्यत हुकली. तरी तो परत उभा राहिला, पुढे टीम बदलली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत ताबोरच्या जागतिक स्पर्धेत क्रॉस खेळूनच थांबला. जिंकला मात्युए फान दर पूल, ते ठीक. आमच्या इथल्या लोकांनी ज्याचं नाव घेऊन घसा बसवला तो श्टिबार होता. त्याला 'सोडून गेलेला' मानणारं तिथे मला कोणी भेटलं नाही. शेजारचे आजोबाही गेले होते.

आता पुतण्याचं. माउंटन बाइकवरून रोडकडे जायला हरकत काहीच नाही, हाताळणी त्याला कायम उपयोगी पडेल. पण माउंटन बाइक विकू नका. हिवाळ्यात रोड, पावसाळ्यात माती, असं दोन्ही काही वर्षं चालू द्या. लहानपणीच एक धरून बसण्याचा सल्ला देणारे कोच भेटतील. त्यांना श्टिबार दाखवा. उलट उदाहरणही चेकच आहे, ते लपवत नाही. रोमान क्रोयत्सिगर २००४ मध्ये ज्युनियर रोड जगज्जेता झाला, लवकरच रस्त्याला लागला आणि २०१३ मध्ये आम्स्टेल गोल्ड ही नेदरलँड्समधली मोठी रोड शर्यत जिंकला. म्हणजे तीही वाट चालते.

काही गोष्टी मात्र आधी सांगायला हव्या होत्या. श्टिबार वळला तेव्हा दोनदा एलिट जगज्जेता होता आणि जगातली एक बलाढ्य टीम पगार देऊन त्याला शिकू देत होती. तुमच्या पुतण्याच्या मागे ते नसेल. क्रीडा कोट्यातून नोकरीची आशा असेल तर ज्या प्रकारातली प्रमाणपत्रं तिथे चालतात तो प्रकार मध्येच बंद करू नका, जाहिरात नीट वाचा. आणि रोडची सायकल, चाकं, प्रवास, सगळं मिळून खर्च वाढतो, तो कोण करणार हे घरात आधी बोला.

मुलाचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याला स्वतःला काय हवंय तेही नाही. तुम्ही त्याचे काका आहात म्हणून हे जरा कडक लिहितो. त्याने रोड निवडला आणि पुढची दोन वर्षं मागे राहिला, तर फोनवर ते वाक्य त्याला ऐकवू नका.