'स्टेशनरी'त 'ई' की 'ए'? आणि 'कलर'मध्ये 'यू' घालायचा का?

तुम्ही लिहिलंय की पेडण्यात स्टेशनरीचं दुकान काढताय, इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या 'आर-वाय'च्या आधी बोर्ड रंगवणारा 'ए' म्हणतो, भाची 'ई' म्हणते, आणि 'कलर झेरॉक्स'मधल्या 'यू'वरून घरात दोन तट पडलेत. म्हापशात माझा छोटा छापखाना आहे. बिलबुकं, लग्नपत्रिका, हॉटेलांची मेनूकार्डं यातच वीसेक वर्षं गेली, म्हणून सांगतो: भाचीचं ऐका.

पण हे दोन प्रश्न एका जातीचे नाहीत. 'यू' असो वा नसो, 'कलर' तो 'कलर'च. 'स्टेशनरी'त मात्र 'ए' घातला की शब्दच बदलतो. अर्थ होतो जागचं न हलणारं. सुरुवातीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाची पन्नास बिलबुकं मी तशी छापून दिली. प्रूफवर त्याची सही होती, पण त्याने फक्त फोन नंबर तपासला होता. भांडून काय करणार? सगळी पुन्हा छापली, कागद माझा गेला. कॉम्प्युटरनेही तांबडी रेघ मारली नव्हती, कारण त्याच्या लेखी शब्द बरोबरच होता.

गंमत म्हणजे दोन्ही शब्दांचं मूळ एकच. मध्ययुगात युरोपात फेरीवाले गावोगाव हिंडून माल विकायचे, आणि विद्यापीठांजवळचे पुस्तकविके एका जागी ठाण मांडून बसायचे. त्या 'ठाणेकऱ्या'ला म्हणायचे स्टेशनर. त्याच्याकडे मिळते ती स्टेशनरी. 'पेपर' आणि 'लेटर' दोन्ही 'ई-आर'ने संपतात, एवढं ध्यानात ठेवलं तर परत चुकणार नाही.

'कलर'चं म्हणाल तर इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात 'यू' आहे, आणि अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८च्या आपल्या कोशात तो काढून टाकला. जीभ या अर्थाचा 'टंग'ही 'टी-यू-एन-जी' असा लिहावा असं त्याचं म्हणणं होतं, ते मात्र कोणी मानलं नाही. आपल्याकडे ब्रिटिश वळण, तेव्हा 'यू' ठेवा. कॉम्प्युटर 'यू'खाली तांबडं करत असेल तर तो अमेरिकन इंग्रजीवर लावलेला आहे. सेटिंगमध्ये भारत किंवा ब्रिटन निवडा.

आता तुम्ही न विचारलेलं. आपण मराठी माणसं काही शब्दांत हमखास अडकतो, आणि त्याचं कारण आपल्या बोलण्यात आहे. नट सैल झाला की आपण 'लूज' म्हणतो. इंग्रजीत सैल म्हणजे 'लूस', दोन 'ओ', शेवटी स्वच्छ 'स'. 'लूझ' म्हणजे हरवणं, त्यात एकच 'ओ'. आपला उच्चार एकाचा आणि अर्थ दुसऱ्याचा, मग हात चुकतोच. 'ॲडव्हाइस'चंही तसंच: सल्ला हे नाम, ते 'सी'ने, शेवटी 'स' ऐकू येतो, सल्ला देणं हे क्रियापद, ते 'एस'ने, 'झ' ऐकू येतो. हीच जोडी मनात धरून 'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस' लिहायचं. तिथे कान मदत करत नाही, पण नियम तोच, नामाला 'सी'. ड्रायव्हिंग लायसन्सचं कार्ड काढून बघा, दोन्हीकडे 'सी' आहे. अमेरिकन लोक 'लायसन्स' सगळीकडे 'एस'ने लिहितात आणि 'प्रॅक्टिस' सगळीकडे 'सी'ने, तेव्हा नेटवरून उचलताना जपून.

मेनूकार्डात सगळ्यात जास्त वेळा खोडलेला शब्द 'डेझर्ट'. जेवणानंतरच्या गोडाला दोन 'एस', एका 'एस'चं म्हणजे वाळवंट. कळंगुटच्या किनाऱ्यावरच्या किती शॅकवाल्यांनी जेवणानंतर वाळवंट वाढायची तयारी ठेवली होती, मोजदाद नाही. 'विंदालू'त मात्र मी कोणाला बटाटा घालू देत नाही. तो 'आलू' नव्हे, पोर्तुगीज 'आल्यु' म्हणजे लसूण.

आणि एका शब्दाची दोन स्पेलिंगं चालतात कशी, हे गोंयकाराला वेगळं सांगायला नको. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर मडगाव 'डी'ने, तर शहराचं नाव लिहिताना 'आर'ने. पोर्तुगीजांनी आपला 'ड' त्यांच्या 'र'मध्ये बसवला. डिचोली, केपे, सांगे यांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी जो 'एम' येतो तो ओठ मिटून म्हणायचा नसतोच, तो त्यांचा अनुस्वार. आपला मसालेदार रस्सा, शाकुती, 'एक्स'ने सुरू होते तीही त्यांच्याचमुळे, 'एक्स' म्हणजे 'श'. माझे एक जुने गिऱ्हाईक पोर्तुगीज शाळेत शिकलेले. ते आजही माझ्याकडे 'शेरॉक्स' काढायला येतात.

तुमच्या गावाचं नाव इंग्रजीत 'आर'ने आणि शेवटी 'एम' लावूनच लिहा, पत्रं तशीच येतात. रंग लावण्याआधी बोर्डाची अक्षरं उजवीकडून डावीकडे एकेक करून भाचीला मोठ्याने वाचायला लावा, म्हणजे नजर ओळखीचा शब्द आपोआप पुरा करत नाही.